नावाचं कडवं

पानिपतला आम्ही राहतो त्या गल्लीत रोज सकाळी एक भाजीवाला येतो. हातगाडीच्या दांडीला त्याचा मोबाईल बांधलेला असतो आणि त्यावर गाणी सुरू असतात, बहुतेक इकडचीच, ढोल बडवणारी. परवा मी भेंड्यांची टोकं मोडून बघत होते, आणि त्या मोबाईलमधून म्हाळाप्पामामांनी मेंढ्या हाकल्या.

"हुर्रर्र... हेऽऽ हा!"

भेंडी तशीच टाकली, पिशवी गाडीवर विसरले आणि घरात येऊन पाटावर बसून राहिले. मामांना जाऊन आता दोन वर्षं होतील. हाकेखाली वाजणारे ढोल कुणाचे ते माहीत नाही, पण आवाज मामांचाच होता. हाकेच्या शेवटाला तो जरा फाटायचा. तसाच फाटला. पिशवी आणायला परत गेले तेव्हा भाजीवाल्याला विचारलं, "भैया, ये गाना किसका है?"

"पता नहीं जी," तो म्हणाला. "नेट का है."

हे उत्तर मी आधीही ऐकलं होतं. सोलापूरला, मामांच्याच समोर.

तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात शिलाई खात्यात होते आणि मामा गेटवर वॉचमन होते. लूमवर काम करणारा एक पोरगा हौसेनं त्यांच्या छोट्या स्पीकरसाठी मेमरी कार्ड भरून घेऊन आला. म्हणाला, "मामा, हजार गाणी हायत. बसा ऐकत."

मामांनी ते कार्ड नखावर ठेवून उजेडात धरलं. "कुणाची हायत?"

"कुणाची म्हंजे? नेटवरची."

"नेट कुणाचं?"

"ते कुणाचं नसतंय ओ. सगळ्यांचं. फुकट असतंय."

"फुकट हाय ते कळालं की. कुणाची हायत ते इचारतोय मी."

पोरगा आमच्याकडं बघून हसला, आम्हीही हसलो. मामांनी कार्ड ठेवून घेतलं, तीन दिवस गेटवरच्या खोलीत बसून गाणी ऐकली आणि चौथ्या दिवशी कार्ड कागदात गुंडाळून परत दिलं. "लई चांगली गाणी हायत," म्हणाले, "पर एकानं बी जाताना नाव सांगितलं न्हाई. पोटभर जेवलो, आन् कुणाच्या घरी जेवलो तेच म्हाईत न्हाई, आसं वाटतंय."

त्या वयात मला ते बोलणं म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटलं होतं. माझ्या फोनमध्ये तेव्हा पाचशे-सहाशे गाणी होती, सगळी कुणाकुणाकडून घेतलेली. गाणं नळाच्या पाण्यासारखं येतं आणि आपण बादली लावायची, एवढंच मला ठाऊक होतं.

मामांचं गाव माण नदीच्या अंगाला, सांगोल्याच्या पलीकडं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. चारा सरला, मेंढ्या विकल्या गेल्या आणि हा माणूस साठीला आल्यावर सोलापुरात येऊन वॉचमन झाला. ठेकेदारानं दिलेली निळी टोपी खुंटीला टांगलेली असायची आणि डोक्याला पांढरा पटका. खुर्चीवर घोंगडीची घडी, उन्हाळ्यातसुद्धा. साहेबांनी एकदा विचारलं, "उकडत नाही का?" तर म्हणाले, "खुर्ची पिलास्टिकची हाय साहेब, तिला थंडी वाजती."

त्यांची एक सवय होती. सकाळच्या पाळीला आम्ही दीडशे बायका आत जायचो आणि ते प्रत्येकीचं नाव घ्यायचे. "या शांताबाय. या पद्मक्का. ये ग रेश्मा." संडास धुणारीचंही, साहेबांच्या ड्रायव्हरचंही. पुढं अंगठा लावायचं मशीन आलं, तेव्हा सुपरवायझर म्हणाला, आता हे बंद करा, लाईन थांबते. मामा म्हणाले, "मशीन अंगठा घेतंय. नाव कुटं घेतंय?" आणि घेतच राहिले. माझी शाळा आठवीत सुटली. हजेरीत आपलं नाव पुकारलं जाण्याची सवय त्यानंतर मोडली होती. पहिल्या आठवड्यात "ये ग रेश्मा" ऐकून मी दोनदा "हजर" म्हणून गेले, आणि सगळ्या जणी हसल्या.

त्या माणसानं माझी नोकरी वाचवली आहे, ते आधी सांगायला हवं.

लागून महिना झाला होता. शिलाई खात्यात टॉवेलच्या कडा कापल्या की चिंध्यांचा ढीग पडायचा. त्यातली एक वीतभर पट्टी घेऊन मी डबा बांधला, कारण डब्यातून कालवण सांडत होतं. संध्याकाळी गेटवर सुपरवायझर स्वतः पिशव्या तपासत होता. त्यानं ती पट्टी दोन बोटांत धरून वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही चोरी हाय. उद्यापासून यायचं न्हाई." घरी काय सांगायचं एवढंच डोक्यात फिरत होतं.

मामा खुर्चीवरून उठले. "साहेब, तिनं इचारलं न्हाई हे खरं हाय. पर हितं इचारायचं आसतंय, हे नव्या बाईला सांगायचं काम माझं. मी सांगितलं न्हाई. काढायचं तर मला काढा."

"अवो मामा, तुमी कशाला मधी..."

"थांबा की." मग माझ्याकडं वळून, "रेश्मा, माग त्येंच्याकडं. मोठ्यानं माग."

मी रडत रडत म्हणाले, "साहेब, डबा बांधायला एक चिंधी देता का?"

दीडशे बायका बघत होत्या. सुपरवायझर काय करणार? पट्टी माझ्या हातात देऊन आत निघून गेला. मामा परत घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "आता ही तुजी. सकाळपासनं तुजी नव्हती. गोष्ट तीच हाय, पर बघ कशी हलकी झाली."

खरंच हलकी झाली होती. म्हणून तर पुढचं लिहिताना हात जड होतो.

मामा ओव्या गायचे. दुपारी लाईट गेली की लूम बंद पडायचे आणि इतकी शांतता व्हायची की कानात गुणगुण ऐकू यायची. आम्ही गेटजवळच्या लिंबाखाली येऊन बसायचो. कुणीतरी म्हणायचं, मामा, होऊ द्या. आधी "घसा बसलाय", मग "काल गायलो की", असं दोन-तीनदा झालं की ते एक हात कानावर ठेवायचे. आम्ही मुसलमान, घरात दखनी बोलणारे. मला ओवी म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तेवढी ठाऊक. मामांची ओवी चालायची, थांबायची, मेंढ्या वळवायची, पुन्हा चालायची.

त्या गाण्यांचा एक रिवाज होता. गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव आणि गाव शेवटच्या कडव्यात येतं. गाणं कुणीही गावं, कुठंही गावं, पण ते कडवं गाळायचं नाही. आणि दुसऱ्याचं गाणं आपल्याला हवं असेल तर नारळ घेऊन त्याच्याकडं जायचं आणि मागायचं. मामा तरुणपणी असे एकाकडं गेले होते. तो म्हणाला, देतो, पण माझी मेंढरं दोन दिवस राख. यांनी राखली. तिसऱ्या दिवशी त्यानं गाणं सांगितलं, वर जेवायला घातलं.

"आन् न मागता ऐकून पाठ केलं असतं तर?" पद्मक्कानं विचारलं होतं. पद्मक्का माझ्या शेजारच्या मशीनवर होती. तिच्या घरी तेलुगू बोलतात, घरचे सगळे पूर्वीपासून विणकर. "कोण धरणार होतं तुम्हाला वो मामा?"

"धरायला कोण येतंय," मामा म्हणाले. "पर गाताना त्येचं नाव घ्यायचं हाय न्हवं. न मागता आणलेल्या गाण्यात मालकाचं नाव घ्यायला जीभ रेटत न्हाई. आन् नाव न्हाई घेतलं तर गाणं रेटत न्हाई."

हेच मामा पुढं एकदा नारळ घेऊन पद्मक्कासमोर उभे राहिले. पद्मक्का मशीनवर बसल्या बसल्या तिच्या आजीचं एक तेलुगू गाणं गुणगुणायची, मागावर बसलेल्या बाईचं. मामांना ते हवं होतं. पद्मक्का आधी हसली, "तुम्हाला एक शब्द तरी कळतो का?" मग तिनं नारळ हातात घेतला. मामांनी आठवडाभर ते पाठ केलं. लिंबाखाली गायले तेव्हा तेलुगू असं मोडलं होतं की पद्मक्का तोंडाला पदर लावून हसत होती. पण शेवटाला मामांनी स्वतःचं एक मराठी कडवं जोडलं होतं: हे गाणं सोलापूरच्या नरसम्माचं, तिच्या नातीनं दिलं. पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला. "माझ्या आजीचं नाव," ती मला नंतर म्हणाली, "आमच्या घरातसुद्धा कोणी घेत नाही ग आता."

मामांचं स्वतःचं आवडतं गाणं होतं ते तानूचं. तानू त्यांची आत्या. तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आयुष्यभर भावाच्या मेंढ्यांमागं फिरली. मामांना तिनंच वाढवलं आणि तिनंच गायला शिकवलं. गाण्यात काळी मेंढी पाण्यावर येते:

माणगंगेच्या काठाला गं, काळी मेंढी पानी प्याली
तिच्या पान्यात पडली गं, माझ्या माहेराची सावली

आणि प्रत्येक कडव्यानंतर मेंढ्या वळवायची ती हाक, "हुर्रर्र... हेऽऽ हा!" ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे. फक्त शेवटच्या कडव्याला हाक नव्हती. ते संथ होतं, जवळजवळ बोलल्यासारखं:

खडकीची तानू सांगे, न्या गं गानं उचलून
जाता जाता नाव घ्या गं, नका जाऊ इसरून

"तिचा एक फोटू न्हाई," मामा म्हणायचे. "जमिनीत नाव न्हाई, दगडावर न्हाई. रेशनकार्डात हुतं, ती मेल्यावर तितनं बी काढलं. ह्या दोन वळी तेवढ्या ऱ्हायल्यात. माझी पोरं गात न्हाईत. ती डीजेवर नाचत्यात. म्हणून मी गात ऱ्हातोय बघा, कोण ऐको न ऐको."

एका दुपारी हे गाणं मी फोनवर रेकॉर्ड केलं. मामांना दिसत होतं, त्यांनी काही म्हटलं नाही. पण मी विचारलंही नाही. चिंधी मागायला ज्या माणसानं शिकवलं त्याचं गाणं मी न मागता घेतलं, आणि त्या वेळी हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

घरी जाताना स्टेटसला टाकायला बसले. स्टेटसची वेळ थोडी, गाणं लांब. मी आधी एक तुकडा घेतला, मग त्याला जोडून दुसरा. हाकांची कडवी घेतली. शेवटचं संथ कडवं राहिलं. त्यात हाक नाही, ठेका नाही. नाव ऐकायला कोण थांबतंय, असं मला वाटलं. बोटानं ती बाजू आत ढकलली आणि गाणं तिथं तुटलं. इतकं सोपं होतं ते. नखातली घाण काढायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

लोकांनी मागितलं, मी ते तुकडे पाठवत गेले. पाठवताना बरं वाटायचं, आपण कुणीतरी असल्यासारखं. दीड-दोन महिन्यांनी शहरातल्या एका मिरवणुकीत ते गाणं ढोलांवर वाजलं. कुण्या डीजेवाल्यानं मामांच्या हाकेवर ठेका चढवला होता. मग लग्नांत वाजायला लागलं, रिक्षांत वाजायला लागलं. कारखान्यात बायका म्हणाल्या, मामा, तुम्ही हिरो झालात.

"ऐकू तर द्या," मामा म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत पद्मक्कानं फोन त्यांच्या कानाशी धरला. मामांनी डोळे मिटले. आधी ढोलांनी जरा दचकले, मग स्वतःची हाक ओळखून हसले, पायानं ताल धरला. एका कडव्याला मानही हलवली. मग हाक तीनदा, चारदा, दहादा आली, गाणं संपलं आणि साबणाची जाहिरात सुरू झाली. मामा डोळे मिटूनच थांबले होते.

"पुढं?"

"संपलं की मामा."

"संपलं कसं? तानू कुटं हाय?"

पद्मक्का चिडून म्हणाली, "त्या डीजेवाल्या मुडद्यानं तोडलं असणार वो. त्यांना काय कळतंय?"

मी तिथंच होते. हातात भाकरीचा तुकडा होता. मी तो खाल्ला.

मामांनी शिव्या दिल्या नाहीत. फक्त विचारत राहिले. त्या गाण्याखाली काय लिहिलंय, ते वाचून दाखव म्हणाले. तोवर ते गाण्यांच्या ॲपवर आलं होतं. मी वाचलं. गायक म्हणून डीजेवाल्याचं नाव. मालकी एका कुठल्याशा कंपनीची. आणि गीत: पारंपरिक.

"पारंपरिक म्हंजे?"

"म्हणजे जुनं, मामा. कुणाचंच नसलेलं."

मामा बराच वेळ गेटच्या कडीशी चाळा करत राहिले. "मी तिच्या पाठुंगळी बसून मेंढरामागं हिंडलोय," म्हणाले. "ती कुणाचीच नव्हती व्हय?"

पद्मक्कानंच उपाय काढला. पूर्ण गाणं आपण टाकू, मूळ, शेवटच्या कडव्यासकट. माझ्या फोनमध्ये सगळं होतंच. या वेळी मी विचारलं. "मामा, टाकू का?"

"माझं आसतं तर आत्ता टाक म्हणालो आसतो. तानूला इचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी माझं नाव पुकारताना थांबले, मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "टाक म्हणतीय."

मी माझ्या नावानं एक चॅनेल उघडलं आणि गाणं टाकलं. खाली लिहिलं: रचना, तानू, खडकी. मामांनी ती अक्षरं बोटानं चाचपली, काचेवर उमटलेली असावीत तशी. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नोटीस आली. इंग्रजी होती, फोनवरच तिचं मराठी करून वाचली. तुमच्या व्हिडिओतला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे, असं तिच्यात होतं.

"कुणाचा आवाज?" मामांनी विचारलं.

"तुमचा, मामा. ते म्हणतात, कंपनीचा आहे."

मामा इतके हसले की खोकला आला. "मग मी आत्ता बोलालोय ते कुणाच्यातनं? इचार की त्येंला, बोलू का गप बसू?" मग हसू ओसरलं. "न्हाई बाय, ह्येचा काय तरी तोडगा आसंल. तू वाचायला शिकल्यालीस. बघ जरा नीट."

मी त्या संध्याकाळी नीट बघितलं. तोडगा होता. खाली दोन वाटा दिल्या होत्या: व्हिडिओ काढून टाका, नाहीतर हरकत घ्या. हरकत घ्यायची तर पूर्ण नाव, पत्ता, फोन द्यायचा आणि मी सांगते ते खरं आहे, खोटं निघालं तर कायद्यानं जबाबदार राहीन, अशा ओळीवर खूण करायची. कायदा हा शब्द मी दोनदा वाचला. मी आठवी शिकलेली बाई. आमच्या घरात कोर्टाचा कागद कधी आला नव्हता. नवऱ्याला तेव्हा पानिपतच्या एका गिरणीत बोलावणं आलं होतं, त्याची कागदपत्रं तपासायला गेली होती. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "नाम-पता दे को बैठी तो कल पुलिस किसके घर आयेंगी? गाना तेरा है क्या? निकाल दे ना."

गाणं माझं नव्हतं, हे त्याचं खरं होतं. पण मी खरं सांगते आहे याची खूण करायला मला कसली भीती होती? सगळं खरंच तर होतं. मी स्वतः तिथं बसले होते, स्वतः रेकॉर्ड केलं होतं, आणि तोडलंही मीच होतं, तेही सांगता आलं असतं. पाच मिनिटं त्या पानाकडं बघत बसले आणि "काढून टाका" दाबलं. मग वाटलं, फोन तपासला तर? फोनमधलं मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. स्टेटसचे तुकडे पुसले. भांडी घासल्यावर ओटा पुसावा तसं सगळं स्वच्छ केलं.

सकाळी गेटवर मामा वाट बघत होते. "ये ग रेश्मा. काय झालं?"

"त्यांनी काढून टाकलं, मामा."

"आसं. तक्रार करायला येत न्हाई का?"

"येत नाही, मामा."

"बरं." माझ्या मागच्या बायका खोळंबल्या होत्या. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू लई केलंस ग बाय. तुला उगं तरास दिला मी."

तो हात मला अजून डोक्यावर जाणवतो. आभार मानणाऱ्याचा हात इतका जड असू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

पद्मक्का दोनदा म्हणाली, पुन्हा रेकॉर्ड करू या. मी "करू, करू" म्हणत राहिले. केलं असतं तर पुन्हा टाकावं लागलं असतं, पुन्हा नोटीस, पुन्हा ते पान. मामा स्वतःहून काही बोलले नाहीत. लाईट गेली की गायचे, पण तानूचं गाणं गायचे नाहीत. एकीनं फर्माईश केली तर म्हणाले, "ते कंपनीचं हाय म्हणत्यात. इचारायला गेलं पायजे. नारळ कुटं न्हेऊन ठेवायचा, पत्त्या न्हाई."

इथं आल्यावर मी गाण्यांच्या ॲपचे रीतसर पैसे भरते. माझा मुलगा हसतो, "अम्मी, फ्री में मिलता है ना." मी त्याला काही सांगत नाही, कारण मलाच नीट सांगता येत नाही. पैसे भरून मी तेच ॲप लावते आणि तिथं तेच गाणं "पारंपरिक" म्हणून आहे. कायद्यानं बघितलं तर त्या कंपनीकडं कागद आहे, माझ्याकडं काही नाही. मी फुकट घेत होते तेव्हा चोर होते की आता पैसे भरते तेव्हा, हे मला ठरवता येत नाही. एवढं कळतं की पहिला हात माझा लागला. कंपनीला ते गाणं बेवारस मिळालं, कारण त्याचं नाव मी आधीच खुडून ठेवलं होतं. मामा असताना पद्मक्काला फोन केला की मी त्यांची खुशाली विचारायची. "दे त्यांना फोन, मला काहीतरी सांगायचंय," हे दरवेळी ओठांवर यायचं आणि मी म्हणायचे, "सलाम सांग." मग एक दिवस तिनंच फोन केला. मामा गावाकडं गेले होते, तिथंच झोपेत गेले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते सोलापूर सोडायच्या आदल्या दिवशी. कारखान्यात काही कागदांवर सह्या करायच्या होत्या. मामा गेटवर नव्हते, चहा आणायला गेले होते म्हणे. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सह्या केल्या आणि बाहेर पडून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसले. दुपारचे बारा वाजत आले असतील. जीप निघाली आणि लगेच थांबली. समोरून नवरदेवाची मिरवणूक येत होती, पुढं स्पीकर रचलेला टेम्पो, त्यामागं भगवे फेटे बांधून नाचणारी पोरं.

ते गाणं लागलं होतं. "हुर्रर्र... हेऽऽ हा!" जीपच्या काचा थरथरत होत्या.

रस्त्याच्या पलीकडून हातात चहाची किटली घेतलेले मामा आले. ते टेम्पोपाशी गेले आणि यंत्रावर बसलेल्या पोराला हातानं काहीतरी खुणावू लागले. थांब, थांब, एक मिनिट. मग छातीवर हात ठेवून, मी म्हणतो. त्या पोराला काही ऐकू गेलं नसणार. तो हसला, आवाज अजून वाढवला आणि खाली नाचणाऱ्यांना खूण केली. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला नाचायचंय. एकानं किटली काढून घेतली, दोघांनी मामांचे दोन्ही हात धरून वर केले आणि त्यांना मधे ओढलं. सगळी पोरं भोवती उड्या मारायला लागली. कुणी वाईट वागत नव्हतं, एकानं तर त्यांच्या गळ्यात स्वतःचा हार घातला.

मामांचे हात वर होते आणि तोंड हलत होतं. ढोलांच्या तालात नव्हतं हलत. सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखं हलत होतं. त्या रस्त्यावर ते काय म्हणताहेत हे फक्त मला कळत होतं. जीपच्या दाराची कडी माझ्या हाताशी होती.

ड्रायव्हरला कडेनं वाट मिळाली. "सरकून बसा ताई," तो म्हणाला. मी सरकून बसले. मागच्या काचेतून भगव्या फेट्यांच्या गर्दीत एकच पांढरा पटका बराच वेळ वर-खाली होताना दिसत राहिला.